रिबिनीचं दुसरं टोक

आमचा नगराध्यक्ष क्लाइव्ह पेटिफर दर अँझॅक दिनी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, कोटाला आठवणीची खूण म्हणून रोझमेरीची डहाळी खोचतो आणि माजी सैनिकांच्या हॉलमधल्या जुन्या फोटोपुढे तेच भाषण ठोकतो. फोटो पहिल्या महायुद्धातला, मेलबर्नहून सैनिकांचं जहाज सुटतानाचा. धक्क्यावर तोबा गर्दी, प्रत्येकाच्या हातात कागदी रिबीन, आणि मधोमध गणवेशातला, मिशांना पीळ दिलेला क्लाइव्हचा पणजोबा.

"हाच तो वाघ! घरदार सोडून फ्रान्सला निघाला!" असं म्हणताना क्लाइव्हचा गळा दाटून येतो, तोही नेमका टीव्हीवाले आले की. यंदा तर त्याने चौकात पणजोबाचा पुतळा बसवायचंही जाहीर करून टाकलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या मर्ल डगनआजी ओटचं बिस्किट चघळत म्हणाल्या, "अरे क्लाइव्ह, रिबिनीचं एक टोक धक्क्यावरचे धरतात, दुसरं जहाजावरचे. या सगळ्या रिबिनी कुठे येतायत बघ जरा. आपल्याकडे! म्हणजे फोटो जहाजावरून काढलाय."

"मग माझा पणजोबा?"

"तो बँडवाला होता, बाळा. गणवेश त्यांनाही असतो. दुसऱ्यांची पोरं वाजतगाजत पाठवली आणि हा गेला घरी जेवायला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. क्लाइव्हचा चेहरा लालबुंद झाला. "एवढं ठाऊक आहे, तर फोटो कुणी काढला तेही सांगा!"

"माझ्या काकाने."

आजींनी हातावरचा बिस्किटाचा चुरा झटकला.

 

"कॅमेरा तेवढा परत आला."