उच्चाराचा नमुना

ताईने कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये सरकवली आणि आई समोर येऊन बसणार असल्यासारखी खुर्ची पुढे ओढली.

"आई गेली तेव्हा मला पोचता आलं नाही," ती म्हणाली. "तू म्हणालास, आवाज तरी जपून ठेवलाय. तेवढ्यावर दिवस काढले बघ."

तिचे भाऊ, प्राध्यापक, रिकामा कप बशीत फिरवत राहिले. जुन्या इंग्रजीचे एवढे मोठे पंडित. हजार वर्षांपूर्वी कुठला स्वर कुठे लांबला, याचा पै-पैचा हिशेब त्यांच्याकडे. पण बहीण खास कॅसेट ऐकायला येतेय हे कळूनही त्यांच्याने फोन करून खरं सांगवलं नव्हतं. चहा घेताना सांगू म्हणाले, तर चहाही पिऊन झाला.

आधी खरखर. मग एक भारदस्त आवाज अनोळखी भाषेत काहीतरी म्हणू लागला.

"अरे, हा तर तू!"

"विद्यार्थ्यांना उच्चाराचा नमुना हवा होता. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी. तेव्हाची माणसं अशी बोलायची."

"तू कुठे ऐकलंस त्यांना?"

"ऐकणार कोण? हस्तलिखितांवरून अंदाज बांधायचा."

"आणि आई?"

प्राध्यापक चष्मा पुसू लागले. "घाईत होतो गं. वर काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, कोरी आहे."

"तिच्या उशाशेजारच्या खणातून काढलीस, आणि कोरी वाटली?"

पंडितांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. कॅसेटमधले प्राध्यापक मात्र ठणठणीत बोलत राहिले. मग खाकरले, थांबले. बाहेरच्या प्राध्यापकांनी घाईघाईने बटणाकडे हात नेला. ताईने तो मनगटाशी धरला.

खट्‌कन आवाज झाला आणि आई बोलली. थकलेली, पण हसत.

"पुरे रे आता. माझं मेलीचं काय ऐकायचंय? तुझी कॅसेट वाया जाईल उगाच."

फीत संपली.

 मग ताईने कॅसेट बाहेर काढली. केसांतल्या पिनेने तिच्या कडेचा प्लास्टिकचा इवलासा तुकडा मोडला. तो मोडला की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. तुकडा तिने भावाच्या तळहातावर ठेवला.

"हा तुझा वाटा," ती म्हणाली, आणि कॅसेट पर्समध्ये टाकली.