खोटी काजं

“बटणं कुठं गेली?” म्हाताऱ्या घड्याळजींनी नवा शर्ट उलटासुलटा करून विचारलं.

“लागतच नाहीत, आजोबा!” शिंपीणबाईंची लेक उत्साहानं पुढे झाली. महिन्यापूर्वीच आईनं दुकान तिच्या हाती दिलं होतं. “हे बघा, नुसतं दाबायचं. झालं!” तिनं आतली चिकटपट्टी खर्रकन सोडवून पुन्हा दाबून दाखवली.

थरथरत्या हातांच्या लोकांसाठी आई असेच शर्ट शिवायची. आत चिकटपट्टी, वरून मात्र खोटी काजं आणि त्यांवर टाचलेली बटणं. शर्टामागे अर्धा तास त्या नखऱ्यातच जायचा. नाकापेक्षा मोती जड! लेकीनं पहिल्याच आठवड्यात ते सोंग बंद केलं. “आई, आपण सोय विकतो, शोभा नाही,” असं ऐकवलंही. आई तेव्हा शिवत राहिली होती. आताही मशीनवर मान खाली घालून बसली होती. फक्त मशीन थांबलं होतं.

“संध्याकाळी सत्कार आहे माझा,” घड्याळजी म्हणाले. “धंद्यातले झाडून सगळे येणार. पन्नास वर्षं या हातांनी केसाएवढी स्प्रिंग बसवलीय, पोरी. आता साधं बटणसुद्धा लावता येत नाही, हे चारचौघांत छातीवर मिरवू? सत्कार राहील बाजूला, कीव करत घरी जातील सगळे.” ते शर्टाची घडी घालू लागले. बाही दोनदा हातातून निसटली. “जाऊ दे. बरं नाही म्हणून कळवतो.”

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्यांच्या हातातून शर्ट काढून घेतला.

“बसा तुम्ही. आई, बटणांचा डबा कुठंय गं?”

“वरच्या फळीवर,” आई म्हणाली. “शिंपल्याची घे, प्लास्टिकची नको. आणि आधी काजं घाल. नुसती बटणं टाचशील तर शेंबडं पोरही ओळखेल.”

सहा काजं, सहा बटणं. अर्ध्या तासावर दहा मिनिटं गेली. तोवर एक बाई परकराचं माप द्यायला येऊन उभी राहिली होती.

घड्याळजी शर्ट घालून आरशापुढे गेले. चिकटपट्टी त्यांनी स्वतःच दाबली. मग हात गळ्याशी गेला. वरचं बटण कापडाला पक्कं टाचलेलं, त्यात लावण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांनी ते चिमटीत धरलं. बोटं थरथरली, घसरली. त्यांनी पुन्हा धरलं.

“अहो ताई, माझं माप घेताय ना?” बाईनं घड्याळाकडे पाहिलं.

“जरा थांबा हं,” लेक हळूच म्हणाली. “आजोबा बटण लावतायत.”