तिसरं कुलूप

“कुणी लावलं हे?” मालकांनी मेन स्विचच्या दांड्यात अडकवलेलं कुलूप हिसडून पाहिलं. ते निघालं नाही.

“मी,” ड्रॉइंगवाली म्हणाली.

मालक हसले. बाहेर नव्या लाँड्रीच्या अंगणात पाहुणे सरबत पीत उभे होते, आत धुलाईची मशीनं ओळीनं सज्ज होती, आणि नकाशे काढणारी एक बाई वीज अडवून बसली होती. अशा वेळी माणूस आधी हसतोच.

या कामावर एक नियम होता. वायरिंगला जो हात लावेल त्याने मेन स्विच खाली ओढून त्यात आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काम मनासारखं झालं की ज्याचं त्याने काढायचं. इलेक्ट्रिशियनने त्याला स्वतःची एक रीत जोडली होती. शेवटचं कुलूप जो काढेल, त्यानेच पहिल्या मशीनचं बटण दाबायचं. इंजिनिअरचं कुलूप काल निघालं, इलेक्ट्रिशियनचं आज सकाळी. ड्रॉइंगवालीला कुलूप कधी मिळालंच नव्हतं. मागितलं तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, “कागदाला शॉक बसत नाही, ताई.” सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि त्याचा तिला अजून राग येत होता.

तशी वाटणी सरळ होती. तार किती जाड, भार किती, हे इंजिनिअर ठरवणार. ती ते कागदावर उतरवणार. इलेक्ट्रिशियन ते भिंतीत बसवणार. शेवटी प्रत्यक्षात जे झालं त्याचा नकाशा पुन्हा तिनेच काढायचा. म्हणून सकाळी टेप घेऊन ती भिंतीभिंतीनं फिरली. मशीनच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत नेणारी अर्थिंगची तार भिंतीबाहेर आली होती. तिचं टोक एका कुंडीमागे वेटोळं करून पडलं होतं. ते ज्या खड्ड्यात गाडायचं तो खड्डा कुणी खणलाच नव्हता. त्या जागी चकचकीत फरशा होत्या.

“तार बाहेर काढून देणं माझं काम,” इलेक्ट्रिशियन म्हणाला होता. “खड्डा मालकांचा गवंडी खणणार होता.”

“झालाय असं मालकच म्हणाले,” इंजिनिअर म्हणाला होता. “खड्डे तपासणं माझं काम नाही.”

दोघंही खरं बोलत होते, आणि तरी खड्डा नव्हता. मालकांकडे जाऊन बोलायला दोघांची जीभ रेटेना. पुढच्या इमारतीचं कामही त्यांच्याकडूनच मिळायचं होतं. तिने एकटीने जाऊन सांगितलं, तेव्हा मालक म्हणाले, पाहुणे गेले की खणू, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय.

पहिलं बटण दाबायला त्यांनी धुलाईच्या बायकांमधून एक निवडली होती, फोटोत बाई बरी दिसते म्हणून. ती निघाली ड्रॉइंगवालीची धाकटी जाऊ. घरात दोघींमधून विस्तव जात नव्हता. पण आत्ता ती ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी, नवा अॅप्रन बांधून उभी होती, आणि ड्रॉइंगवालीची नजर त्या हातांवरून हटत नव्हती.

“जाऊबाई, आज तरी माझं काही चांगलं होऊ द्याल का?” धाकटीने दारातून विचारलं.

“तेच करतेय. गप उभी राहा, कशाला हात लावू नकोस.”

“किल्ली,” मालकांनी एक हात पुढे केला. दुसरा हात खिशातला जुडगा खुळखुळवत होता. किल्ल्या ते कुणाच्या हाती देत नसत. सकाळी शटरसुद्धा त्यांनीच उघडलं होतं.

“माझ्याकडे नाही.”

“बाई, तुमचं काम रेघा मारायचं. रेघा मारा.”

“आहे तेवढंच काढते मी. नसलेला खड्डा मला काढता येत नाही.”

“उद्यापासून येऊ नका.”

“नाही येणार. आज आहे.”

मालकांचं हसू संपलं. ते इलेक्ट्रिशियनकडे वळले. “कटर आण. काप ते.”

इलेक्ट्रिशियनने एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा ओल्या फरशीवरच्या बाईकडे. “दुसऱ्याचं कुलूप कापणं माझं काम नाही, साहेब.”

“इंजिनिअर, तुम्ही हुकूम द्या.”

“तेही माझं काम नाही.” इंजिनिअरचे कान लाल झाले होते. “कुलूप कुणी लावायचं यात हुद्दा पाहायचा नसतो. नियम मीच केलाय.”

सकाळी ज्या शब्दांनी दोघांनी अंग काढून घेतलं होतं, त्याच शब्दांनी आता ते आडवे उभे होते. ड्रॉइंगवालीला फार बरं वाटलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, पाहुणे खोळंबले होते.

“मग किल्ली आहे तरी कुणाकडे?” मालकांचा आवाज चढला.

“तुमच्याकडे, साहेब,” ड्रॉइंगवाली म्हणाली. “माझ्याजवळ कुलूप नव्हतं. सकाळी शटर उघडून तुम्ही कडीला लटकवलं होतं, तेच घेतलं. काढा, आणि रीतीप्रमाणे चला पहिलं बटण दाबायला. फरशी ओलीच आहे.”