सावध : आर्नो पोमरेन्के

"वाचलंत का?" मोची लेनिकने हातातला बूट बाजूला ठेवला. "तुमच्या पोराचं नाव आलंय."

हेडविग पोमरेन्केने लाँड्रीतल्या कपड्यांचं बोचकं खाली टेकवलं. लेनिकने पुढे केलेल्या पेपरच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला चार ओळी होत्या. 'सावध! नॉयकोल्नचा आर्नो पोमरेन्के पोलिसांना फितूर झाला आहे. त्याला कोणी थारा देऊ नये. ओळख दाखवू नये.'

कामगारांच्या पक्षावर नव्या राजवटीची बंदी येऊन दीड वर्ष झालं होतं. पक्षाचा हा पेपर खिशात सापडला तरी माणूस आत जाई. तरीही तो दर पंधरवड्याला निघे आणि दुरुस्तीला आलेल्या बुटांत दडून लेनिकच्या दुकानातून गल्लीभर पोचे. तो कोण लिहितं, कुठे छापतं, हे लेनिकलाही माहीत नव्हतं. ते विचारायचं नसतं, एवढंच माहीत होतं.

"साफ खोटं आहे," हेडविग म्हणाली. "पाच आठवडे झाले आर्नोला उचलून. त्याने एक नाव जरी घेतलं असतं, तर तुम्ही इथे टाचा ठोकत बसला असता का?"

"पेपर खोटं लिहीत नाही, बाई."

"आज लिहिलंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं. दूधवालीने तिच्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. जिन्यात भेटणाऱ्या बायका भिंतीला चिकटून वाट देऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं, 'फितुराची आई.'

तिने ते पुसलं नाही. खुर्ची घेऊन ती अंगणाच्या मधोमध बसली आणि बटाटे सोलता सोलता वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्याने कोणी हे लिहिलंय, त्याने समोर येऊन बोलावं! मी इथेच आहे!"

खिडक्या लागल्या. फक्त चाळीचा रखवालदार जाबेल झाडू टेकून ऐकत राहिला. जाबेलच्या कानावर पडलेलं पोलिसांच्या कानावर जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी तिला बोलावणं आलं.

गुप्त पोलिसांचा अधिकारी ब्रुगेमान खुशीत होता. तोच पेपर त्याच्या टेबलावर पडला होता.

"काय हो बाई, बघितलंत तुमच्या लोकांचं प्रेम? आम्ही मारून मारून थकलो, पोरगं हूं की चूं करत नव्हतं. काल हा कागद दाखवला, तर ढसाढसा रडलं."

ब्रुगेमानने पेपर तिच्यापुढे सरकवला.

"घेऊन जा त्याला घरी. दोन-चार दिवस गल्लीचा पाहुणचार घेऊ द्या. आपल्या पायांनी इथे येईल आणि रागारागाने सगळ्यांची नावं सांगेल."

"तो यायचा नाही."

"जाणार कुठे? माझं सोडून दुसरं दार उरलंय का त्याला?"

"यायचा नाही म्हटलं ना," ती म्हणाली आणि त्याने बसायला दिलेली खुर्ची जागेवर सरकवून ठेवली.

आर्नोची डाव्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती. अंगणातून जाताना वरून कुणीतरी थुंकलं. लेनिकने त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली.

स्वयंपाकघरात त्याने पुढ्यातली सुपाची वाटी बाजूला सारली. "आई, मार खाताना मी एकच म्हणायचो, बाहेर आपली माणसं आहेत. आणि त्यांनीच..."

"जेव आधी."

"कुणी लिहिलं असेल ग?"

"सूप गार होतंय, आर्नो."

रविवारी सकाळी तिने त्याला बापाचा जुना कोट घातला, हातात अळंब्यांची टोपली दिली आणि आगगाडीने थेट डोंगरापर्यंत नेलं. तिथल्या पहाऱ्यावरच्या माणसांना वाटलं, मायलेक सुटीला चाललेत. दुपारी ती एकटीच झाडीतून परत आली. डोंगराच्या पलीकडे चेकोस्लोव्हाकिया होता.

ब्रुगेमानने तिला आठ दिवस कोंडून ठेवलं. पहिल्याच दिवशी त्याने तिच्या कानशिलात मारली, तेव्हा ओठ पुसत ती म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं, तो यायचा नाही."

ती सुटून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रागहून एक कोरं कार्ड आलं. त्यावर फक्त तिचा पत्ता होता. अक्षर आर्नोचं. उजवा हात शाबूत होता.

बातमी लपली नाही. दुपारी लेनिक टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"चुकलं आमचं, हेडविगबाई. फितूर माणूस असा पळून जात नाही. ज्याने ते लिहिलं त्याला मी हुडकून काढतो. पुढच्या अंकात माफी मागायला लावतो."

"माफी छापायची नाही." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुमचं तोंड का असं झालंय?"

लेनिक आत येऊन बसला. "आमच्या पोराला, एमिलला, गुरुवारी उचललं. ड्रेस्डनला. पोरगं बोलणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण जिवंत सुटेल असं वाटत नाही."

हेडविगने उठून दाराला कडी घातली.

"ड्रेस्डनचे पोलीस आपला पेपर वाचतात का हो?"

"वाचतात की. त्यांच्याइतकं मन लावून कुणीच वाचत नाही. का?"

"उद्यापासून सगळी गल्ली तुमच्या दारावर थुंकेल, लेनिक. सोसवणार असेल तर एमिलचं पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. "शेवटच्या पानावर मी चार ओळींची जागा ठेवलीय."