काही होत नाही

जिन्यातला बल्ब बदलायला धोंडीबांनी मेन स्विच पाडला, तेव्हा आत त्यांच्या सुनेचं, मिनलचं, काम चालू होतं. चाकणच्या एका वर्कशॉपसाठी ती घरूनच कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढायची. पडदा काळा झालेला बघून धोंडीबा कावरेबावरे झाले.

“पोरी, माझ्या हातनं काय बिघडलं न्हाई ना?”

“काही होत नाही, मामा,” ती हसून म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस ती पहाटे चारला उठून कामाला बसत होती. काम वाढलं असेल, असं त्यांना वाटलं.

मग एकदा ते मोबाईलचा चार्जर घ्यायला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या समाधानच्या दुकानात गेले. तो म्हणाला, “काका, मेन पाडायच्या आधी घरात सांगत जा. त्या दिवशी हार्ड डिस्कच गेली. वहिनींना महिन्याभराची ड्रॉइंगं पहिल्यापासून काढायला लागली.” आणि त्यानं जीभ चावली. “तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.”

धोंडीबा घरी आले. मिनल नुकतीच काम थांबवून स्वयंपाकघरात शिरत होती.

“मिळाला का चार्जर, मामा?”

“मिळाला की,” ते म्हणाले. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि परात पुढं ओढली.

“तू बस जरा. आज भाकरी मी थापतो.”