कसं लागलं?

वाचकहो, रुग्णसेवेच्या क्षेत्रात घडलेला एक प्रसंग मी अत्यंत गांभीर्यपूर्वक आपणांपुढे ठेवीत आहे. तो एकाच खोलीत घडतो, आणि त्यात एकच प्रश्न दोघींना विचारला जातो.

"कसं लागलं?"

अपघात विभागातील लोखंडी स्टुलावर जो कोणी जखमी बसेल त्यास हा प्रश्न विचारण्याचा नियम होता. तो जे सांगेल तेच केसपेपरावर उतरवावयाचे, आणि मारहाण झाली असे तो म्हणाला तर पोलिसांना कळवावयाचे. हे काम ज्या परिचारिकेकडे होते तिला सारा विभाग 'फौजदारीण' म्हणत असे. त्याच सकाळी एक आजोबा डोके फोडून घेऊन आले होते. "शिडीवरून पडलो," असे त्यांनी सांगितले.

"आजोबा, शिडी प्यायली होती की तुम्ही?" असे तिने विचारताच टाके घालणारे डॉक्टरही हसले होते.

दुपारी मात्र ती हसत नव्हती. स्टुलावर एक स्त्री बसली होती. तिचा डावा डोळा सुजून पूर्ण मिटला होता.

"पडले," स्त्री म्हणाली.

"कुठं?"

"घरातच. मोरीत."

"मोरीत पडलेल्या बाईच्या दंडावर पाच बोटं उठत नाहीत गं." फौजदारिणीने तिची हनुवटी अलगद वर केली. "तू एकदा खरं बोल. पुढचं माझ्यावर सोड. पोलिसांना मी कळवते. मी आहे ना!"

स्त्रीचे ओठ हलले. तिच्या उघड्या डोळ्यात काहीतरी जागे झाले. शब्द आता बाहेर पडणार, इतक्यात पडद्याच्या खालच्या फटीत दोन बूट येऊन उभे राहिले.

सोबतच्या माणसाने पडद्याबाहेर थांबावे असाही नियम होता. परंतु पडदा म्हणजे भिंत नव्हे, ही गोष्ट आजवर कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

पडदा सरकला. स्त्रीचा नवरा आत आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच अधिक भयंकर होते.

"माझ्या बायकोला शिकवतेस काय?"

त्याचा हात उठला. फौजदारीण टेबलाच्या कडेवर आदळली आणि तिची भुवई फाटली. ट्रे उलटला. कात्री फरशीवर गरगर फिरत दूर गेली. 

त्यानंतर जे घडले ते फार शांतपणे घडले. पहारेकऱ्याने नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसविले. त्यास कोणी धरून ठेवले नाही. उलट कोणीतरी त्याला पाणी आणून दिले. स्त्रीला भिंतीशी उभे करण्यात आले, आणि तिच्या स्टुलावर फौजदारिणीला बसविण्यात आले. स्टूल अद्याप उबदार होते.

फौजदारिणीचा नवा केसपेपर एका धाकट्या परिचारिकेने हाती घेतला. हे काम ती फौजदारिणीकडूनच शिकली होती.

एवढ्यात मेट्रनबाई आल्या. त्यांनी मागून फौजदारिणीच्या खांद्यावर हात ठेवला. दुरून पाहणाऱ्यास ती माया वाटली असती.

"जरा शांत डोक्यानं विचार कर, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझी कायम होण्याची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर आहे. तक्रार केलीस की चौकशी लागणार, आणि ती त्याची नाही, तुझी लागेल. नवरा-बायकोच्या मध्ये तुला कोणी तोंड घालायला सांगितलं होतं, असं विचारतील."

"मारलंय त्यानं मला, मेट्रनबाई."

"मी कुठं नाही म्हणतेय? मागं वॉर्डातल्या त्या नर्स पोरीलाही पेशंटच्या माणसानं मारलंच होतं. केली तिनं तक्रार. आज कुठं आहे ती? घरी बसलीय."

फौजदारिणीच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि मिळवते हात तिचे एकटीचेच होते.

नियम हा नियम असतो. धाकटीला तो प्रश्न विचारणे भाग होते.

"सिस्टर... कसं लागलं?"

पडदा अर्धा उघडाच राहिला होता. बाकावरचा नवरा बायकोची पिशवी मांडीवर घेऊन, पायावर पाय टाकून, घाई नसलेल्या माणसाप्रमाणे पाहत होता. भिंतीशी उभी असलेली स्त्रीही पाहत होती. तिचा एकच उघडा डोळा फौजदारिणीच्या ओठांवर खिळला होता. तिच्या स्वतःच्या केसपेपरावर उत्तराची जागा अजून कोरीच होती.

भुवईतून एक थेंब ओघळला आणि पांढऱ्या एप्रनवर पडला. खांद्यावरचा हात जड झाला.

"पडले," फौजदारीण म्हणाली. "टेबल लागलं."

लेखणी कागदावर फिरली. खांद्यावरचा हात उचलला गेला. बाहेर बाक करकरला; नवरा उठून उभा राहिला होता.

"माझंही तेच लिहा, ताई," स्त्री धाकटीला म्हणाली. तिने पदर सारखा केला आणि ती दाराकडे निघाली. परंतु स्टुलापाशी तिची पावले थांबली. सासरी नव्याने आलेल्या मुलीच्या डोक्यावर थोरली जाऊ ठेवते तसा तिने फौजदारिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पहिल्या वेळी फार लागतं गं," ती म्हणाली. "मग होते सवय."

आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे लेखन अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
रुग्णालयाच्या धुलाईखान्यातील
भाऊ इस्त्रीवाला