तिचं वय

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या इस्पितळात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या हाजी मुंसिफांचा ईसीजी डॉक्टर रबाब यांनी तपासला. जिवाला फारसा धोका नव्हता. त्यांचं वय, साखर, जुनी दुखणी, सगळं त्यांची बायको झोहरा तोंडपाठ सांगत होती. बोलता बोलता तिने दोनदा जबडा दाबला. "मावशी, तुम्हाला काय होतंय?" "दाढ ठणकतेय, पोरी. तू यांचं बघ." पण तिच्या कपाळावर घाम होता. डॉक्टरांनी तिचाही ईसीजी काढला, आणि कागद पाहताच तिला तातडीने आत हलवलं. "हाजी, यांचं वय? साखर आहे?" "तिलाच विचारा," हाजी म्हणाले. "मला नाही माहीत." तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या. "वाचल्या. तुमची दुपारची गोळी राहिलीय, म्हणाल्या." हाजींनी मान खाली घातली. "आता तिच्या गोळ्या मला लिहून द्या," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात."